खांबाला घातलेलं मीठ

रोज संध्याकाळी पाच वाजता वायरमन खांबाला पाणी घालायचा. दोन बादल्या, हळूहळू, बुडाच्या चारी बाजूंनी. वाचनालयाच्या मागे मोकळी जागा होती, तिथे हा वीस हात उंच लोखंडी खांब उभा होता. त्याला कोणी पाणी का घालावं हे नव्या माणसाला कळत नसे. जुनी माणसं येताजाता विचारत, "काय वायरमन, यंदा तरी पालवी फुटणार का?" वायरमन मान खाली घालून हसे आणि दुसरी बादली ओते.

खांब वाचनालयाच्या छोट्या रेडिओ केंद्राचा होता. केंद्राची ताकद एवढीशी, की जिन्यातल्या दिव्यानेही नाक मुरडावं. ती वाढवायला कायद्याची परवानगी नव्हती. मग आवाज लांब न्यायचा तर हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जमीन. खांबाच्या बुडाशी मातीत तांब्याचं एक कडं होतं आणि त्या कड्यातून सोळा बारीक तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूकडे गेल्या होत्या, हातभर खोल. वर दिसतो तो खांब निम्माच. उरलेला निम्मा या तारा. त्या धड असल्या आणि माती ओली असली, तर आवाज जमीन धरून दूरवर जातो. नसल्या, तर होती नव्हती ती ताकद तिथल्या तिथे मातीत जिरते.

केंद्र दुपारी अर्धा तास चाले, तीन ते साडेतीन. कुठल्या गल्लीत उद्या वीज नाही, पाणी कधी येणार, वाचनालयात कोणती पुस्तकं आली, कोणाची किल्ली सापडली. एकदा एका डाव्या पायाच्या चपलेची माहिती सलग चार दिवस दिली गेली आणि पाचव्या दिवशी उजव्या पायाची सापडल्यामुळे सगळंच पुन्हा सांगावं लागलं. मग शेवटची पंधरा मिनिटं एखाद्या पुस्तकाची काही पानं. हे सगळं वाचायचा वायरमनच.

त्याची गंमत अशी, की या माणसाला चारचौघांत बोलता येत नसे. लहानपणी तो काही सांगायला उभा राहिला, की दोन शब्द नीट निघत आणि तिसऱ्याला आवाज बंद पडे. ओठ हलत, डोळ्यांत पाणी येई, बाकी काही नाही. "गेला फ्यूज," असं त्याचा मोठा भाऊ म्हणायचा. पुढे तेच नाव पडलं. आता अडुसष्टाव्या वर्षी फ्यूज म्हणणारं जवळ कोणी उरलं नव्हतं, पण बोलणं तसंच होतं. फक्त वाचनालयाच्या मागच्या खोलीत दार लावलं, भिंतींना ठोकलेली जुनी ब्लँकेटं आणि समोर माइक, एवढंच उरलं, की त्याचा आवाज नळासारखा वाहू लागे. समोर तोंड नसलं की त्याला तोंड फुटे.

आणि त्याला ठाऊक होतं की हे सगळं कोण ऐकतं. कालव्यापलीकडे, पिठाच्या गिरणीच्या मागे, दादा ऐकत होता. दादा, म्हणजे तोच मोठा भाऊ. अकरा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं.

दादा रेडिओ दुरुस्त करणारा. एके काळी आसपासचा एकही रेडिओ असा नव्हता, ज्याचं पोट दादाने उघडून पाहिलं नव्हतं. वाचनालयाला केंद्राचा परवाना मिळाला, तेव्हा सोळाच्या सोळा तारा दादाने स्वतः मापल्या आणि सोळाचे सोळा जोड स्वतः कथलाने झाळले. चर खणले ते वायरमनने. सगळं झाल्यावर दादाने बजावलं, की बुडाशी कोळसा घाल, पाणी घाल, बाकी काही घालू नकोस.

पण वायरमनने आयुष्यभर घरांचं अर्थिंग केलं होतं. खड्डा खणावा, पट्टी उभी करावी, कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, वरून पाणी. मीठ ओल धरून ठेवतं, हे त्याच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याने विचार केला, दादाला रेडिओतलं कळतं, मातीतलं मला कळतं. आणि एका संध्याकाळी, कोणाला न सांगता, अर्धं पोतं मीठ खांबाच्या बुडाशी जिरवलं.

दुसऱ्या दिवशी आवाज थेट वीटभट्टीपर्यंत गेला. पूर्वी कधी गेला नव्हता.

दादाला मिठाचं कळलं. वाचनालयात आठ-दहा माणसांदेखत तो म्हणाला, "घराचं अर्थिंग वेगळं, तिथे जाड पट्टी असते. या बारीक तारा आहेत. मीठ तांबं खाईल." आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवशी वायरमनचा फ्यूज उडाला नाही. तो म्हणाला, "दादा, तुझं पुस्तक राहू दे तुझ्यापाशी. माझा खांब वाजतोय." माणसं खो-खो हसली. दादाने झाळायची सळई आणि कथलाची रिळं पिशवीत भरली आणि तो निघून गेला. आयुष्यात एकदाच चारचौघांत वायरमनचं वाक्य पुरं झालं होतं, आणि ते हे.

महिन्याभराने दादा कालव्यापलीकडे लेकीकडे राहायला गेला. वायरमनने जाऊन त्याचा हात धरायला हवा होता. तो दोनदा पुलापर्यंत गेलाही. तोंड समोर आलं की आपलं काय होतं हे आठवून परत आला.

पुढे पुतणीने एकदा बाजारात गाठून सांगितलं, की तीनला पाच कमी असताना बाबा घसा खाकरून रेडिओपाशी बसतात. कोणी भांडं आपटलं तर डोळे वटारतात. काकांनी वाचताना एखादा शब्द चुकवला, की मोठ्याने "मूर्खा" म्हणतात आणि बरोबर शब्द सांगतात. "तुमचं बोलणं नाही कसं म्हणू?" ती हसून म्हणाली होती. "रोज अर्धा तास भांडता की."

त्या दिवसापासून वायरमनला एकच काळजी लागली. आवाज कालव्यापलीकडे गेला पाहिजे. बाकी जग ऐको न ऐको.

गुरुवारचं वाचन तो आदल्या दिवशीच टेप करून ठेवी. ग्रंथपाल तीन वाजता ते लावून देत आणि वायरमन खिशातला रेडिओ कानाला लावून चालत सुटे. जिथे आपलाच आवाज खरखरीत बुडेल, तिथे थांबायचं, घरी येऊन कागदावर खूण करायची. हे कागद दाराच्या मागे टाचलेले होते. पहिल्या वर्षीची रेघ वीटभट्टीपाशी. नंतरच्या वर्षांत ती हळूच आत सरकू लागली. सरकली की वायरमन आणखी मीठ घाली, आणि सुरुवातीला रेघ खरोखरच पुन्हा थोडी बाहेर जाई. किराणावाला पोतं उचलून देताना म्हणे, "तुझा खांब खाल्ल्या मिठाला जागतो ना रे? आमचं गिऱ्हाईक नाही जागत." वायरमन हसे. घरी बायको म्हणायची, की वरणात मीठ कमी पडलं तर चालतं या घरात, खांबाला कमी पडता कामा नये.

या वर्षी मात्र पोतं रिकामं झालं तरी रेघ हलेना. आधी गिरणी रेघेबाहेर गेली. मग पूल गेला. तेव्हा वायरमनने उन्हाळ्याला दोष दिला, टायरच्या दुकानावरच्या नव्या दिव्यांच्या पाटीला दोष दिला, एका चारमजली इमारतीला दिला. दोन बादल्यांच्या चार केल्या. एका गुरुवारी तो औषधांच्या दुकानापाशी पोहोचला आणि त्याच्या कानात त्याचाच आवाज वाक्याच्या मध्यावर विरघळला. 'आणि मग त्या प्रवाशाने' एवढं ऐकू आलं. पुढे नुसती खरखर. औषधांच्या दुकानापासून दादाचं घर वीस मिनिटांवर होतं.

पुढच्या आठवड्यात तपासणीच्या बाई आल्या. परवान्याच्या कचेरीतून दर तीन वर्षांनी कोणीतरी येई आणि कागद पाहून जाई. या वेळी या आल्या होत्या, हातात मीटर, पायांत रबरी बूट. त्यांनी खांबाच्या चारी बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा लावल्या, काट्याकडे पाहिलं, मीटर बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, खणावं लागेल.

वायरमनने स्वतःच खणलं. हातभर खाली कडं लागलं, म्हणजे कड्याची जागा लागली. तिथे हिरवा चोथा होता, बोटाने चुरडता येईल असा. त्याने एक तार चिमटीत धरून उचलली आणि ती वाळक्या काडीसारखी तुटली. दुसरी तुटली. तिसरी उचलण्याआधीच तुटलेली होती. सोळापैकी पाच शाबूत होत्या, त्याही जेमतेम. माती पांढरट होती. बाईंनी चिमूटभर उचलून बोटांवर चोळली.

"मीठ कोणी घातलं?"

ग्रंथपाल आभाळाकडे पाहू लागले. वायरमनने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की घराच्या अर्थिंगला चालतं हो, तिथे जाड पट्टी असते. या बारीक तारा. अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं, फक्त तोंड वेगळं होतं.

ग्रंथपालांनी विचारलं, की नवं तांबं घातलं तर?

"तांबं नवं घालता येईल," बाई म्हणाल्या. "माती कुठून आणणार?"

मीठ पाण्याबरोबर खोल उतरलं होतं आणि चहूकडे पसरलं होतं. नव्या तारा घातल्या तर त्याही जातील, आणि या वेळी अकरा वर्षं लागणार नाहीत. जागा बदलावी, तर परवाना या जागेचा, नव्या जागांचे परवाने बंद झालेले. तारा जमिनीवरून अंथराव्यात, तर तिथूनच शाळेची वाट. बाईंनी प्रत्येक वाट स्वतःच काढली आणि स्वतःच बंद केली, आणि प्रत्येक वेळी त्यांना खरंच वाईट वाटत होतं हे दिसत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं ते एवढंच: खांबाखाली अर्थिंग नाही, वीज पडली तर बाजूच्या वाटेला धोका आहे, म्हणून महिनाअखेर केंद्र बंद करून खांब उतरवावा. महिना संपायला बारा दिवस होते.

संध्याकाळी पाच वाजता वायरमनने सवयीने बादली उचलली. खांबापाशी गेल्यावर त्याला कळेना, की आता ही ओतावी की नाही. पाणी घातलं तर मीठ आणखी पसरणार, नाही घातलं तर उरलेल्या पाच तारा कोरड्या पडणार. तो बराच वेळ भरली बादली हातात घेऊन उभा राहिला. मग तिथेच खाली ठेवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता माइकसमोर त्याने वीज आणि पाण्याची माहिती दिली. पुस्तक उघडलं. आणि न वाचता म्हणाला, "दादा, मीठ घालायला नको होतं. तू सांगितलं होतंस. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी बोललो ते चुकलं. सोळापैकी पाच तारा राहिल्यात." एकही शब्द अडला नाही. मग त्याने राहिलेली पंधरा मिनिटं पुस्तक वाचलं, तेही न चुकता.

बाहेर आल्यावर त्याला जाणवलं की अंगावरून काहीतरी उतरलं आहे. ते पायरी उतरेपर्यंत टिकलं. शेवटच्या पायरीवर त्याला औषधांचं दुकान आठवलं.

वाचनालयाने ऐकलं, बाजाराने ऐकलं. किराणावाल्याने तर त्याच संध्याकाळी गाठलं. "माझं नाव घेतलं नाहीस हे बरं केलंस, नाहीतर लोक म्हणायचे, मीच खांब खाल्ला." मग त्याचा चेहरा पाहून उगाच वजनं इकडची तिकडे ठेवू लागला. औषधवाला हळूच म्हणाला, दुकानाच्या पुढच्या दारात नीट ऐकू येत होतं, मागच्या दारात नाही. जिच्यापर्यंत जायला हवं होतं ती एक खोली सोडून सगळ्यांना वायरमनची चूक तोंडपाठ झाली होती.

दोन दिवसांनी पुतणी घरी आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं, की काका रेडिओवर काही बोलले.

"बाबा कान लावून बसले होते," ती म्हणाली. "महिनाभर तसेच बसतात. नुसती खरखर येते, पण बटणाला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, काका काय बोलले ते मी विचारून येते. तर म्हणाले, नको. बोलायचं असेल त्याला तर तो बोलेल."

वायरमनच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, की तूच सांग बाई निरोप, यांचं काही खरं नाही. पुतणीने मान हलवली. दादा गेल्या थंडीत पडला होता, कंबरेचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून खाटेवर होता. "ते येऊ शकत नाहीत, काका. तुम्हीच या ना."

वायरमन "येतो" म्हणाला. आणि शुक्रवार गेला, शनिवार गेला, अख्खा आठवडा हां-हां म्हणता गेला. रोज तो तीनला माइकसमोर बसे आणि रोज त्याला वाटे, आज कदाचित हवा ओली असेल, आज कदाचित पोहोचेल. तेच तो पुन्हा बोलला नाही. एकदा बोललं की बोललं, आणि दुसऱ्यांदा बोलून औषधवाल्यालाच ऐकवायचं काय?

शेवटचा गुरुवार आला. दुसऱ्या दिवशी खांब उतरवायला माणसं येणार होती. वायरमनने टेप ग्रंथपालांच्या हाती दिली आणि खिशातला रेडिओ कानाला लावून निघाला. औषधांच्या दुकानापाशी आवाज बुडाला. तो थांबला नाही. रेडिओ तसाच चालू ठेवून, कानात नुसती खरखर घेऊन, तो पुलावर चढला, पूल उतरला, गिरणीला वळसा घालून दारात उभा राहिला. पुतणीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

खोली लहान होती. खाटेच्या उशाशी स्टुलावर रेडिओ, त्याचं झाकण काढलेलं, आतले भाग पुसून लख्ख. दादाने महिन्याभरात त्याला किती वेळा उघडलं असेल, आपलाच रेडिओ बिघडला समजून. एक तार खिडकीच्या गजाला बांधलेली, दुसरी नळाच्या पाइपापर्यंत नेलेली. दादाकडून जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालेलं होतं. रेडिओतून खरखर येत होती, तशीच वायरमनच्या खिशातून. दोन्ही एकाच सुरात.

दादा खूप वाळला होता. त्याने दाराकडे पाहिलं, मग वायरमनच्या खिशाकडे.

"तो बंद कर. एक पुरे."

वायरमनने खिशातला रेडिओ बंद केला.

"किती उरल्या?" दादाने विचारलं.

वायरमनने पाच बोटं दाखवली.

"कड्यापाशी तुटल्यात की मध्ये?"

त्याने दोन्हीकडे हात केला. कड्यापाशी, मध्येही.

वायरमन वाट पाहत होता. अकरा वर्षं त्याने हे वाक्य मनातल्या मनात ऐकलं होतं, मी तुला सांगितलं होतं, आणि आता ते ऐकायला तो तयार होऊन आला होता. ते आलं असतं तर त्याला मान खाली घालता आली असती. दादा ते म्हणाला नाही.

"पहिल्याच वर्षी माती बदलली असती तर झालं असतं," तो म्हणाला. "तेव्हा मला चालता येत होतं." मग म्हणाला, "वीटभट्टीवर आवाज येईनासा झाला, ते मला कळलं होतं. मला वाटलं, बोलवायला येशील."

वायरमन खाटेच्या कडेला बसला. खरखर चालू होती. त्या खरखरीच्या तळाशी कुठेतरी, मोजायला कोणतंही यंत्र नसेल इतक्या खाली, त्याचा आवाज या क्षणी पुस्तक वाचत असणार, स्पष्ट, न अडखळता. दोघं ऐकत बसले. एकदा दादाने डोळे बारीक करून मान कलती केली, जणू शब्द सापडला, आणि मग पुन्हा सरळ केली.

साडेतीनला घड्याळाकडे न पाहता दादाने हात लांब करून बटण फिरवलं. खोली एकदम रिकामी झाली.

"आज काय वाचलंस?" त्याने विचारलं.

वायरमनने तोंड उघडलं. प्रवाशाची गोष्ट होती, तो नदी ओलांडतो तिथपर्यंतची, त्याला शब्दन् शब्द पाठ होता. "त्या प्रवाशाने," तो म्हणाला, आणि ओठ हलत राहिले. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. निदान एवढं तरी म्हणावं, मीठ, चुकलं, दादा, यातलं काहीही. ब्लँकेटं नव्हती, माइक नव्हता, आता खरखरीचाही आडोसा नव्हता. हातभर अंतरावर दादाचं तोंड होतं, आणि दादा पुढे झुकून, कान त्याच्याकडे करून, थांबला होता.

बराच वेळ थांबला.

"गेला फ्यूज," तो अखेर दारात उभ्या लेकीला म्हणाला, हसला नाही, आणि हात चाचपडत त्याने रेडिओचं बटण पुन्हा चालू केलं.